चित्रांचे तीन ढीग

गावातला हातपंप बंद पडला की माणसे काय म्हणतात, ते तुम्ही ऐकले असेल. "सरकारचा पंप बिघडला." स्वतःच्या मळ्यातल्या विहिरीवरची मोटर जळाली, तर असे कोणी म्हणत नाही. तेव्हा "माझी मोटर जळाली" असे म्हणतो आणि तसाच तालुक्याची वाट धरतो. पंप मात्र सरकारचा. मग तो सरकारनेच दुरुस्त करावा, आणि तोवर बायांनी दोन मैलांवरच्या ओढ्यातून पाणी आणावे, हे ओघानेच आले.

तुमच्यापैकी कोणी ग्रामसेवक असतील, कोणी शाळामास्तर, कोणी आशाताई, कोणी गावच्या पाणीसमितीचे सभासद. पाणी आणि स्वच्छता या विषयावर गावात चार माणसे जमवून बोलण्याची पाळी तुमच्यावर कधी ना कधी येतेच. ते बोलणे कसे करावे, याबद्दल मी आज थोडे सांगणार आहे. विषय तसा रुक्ष वाटेल, पण त्यावर लहान पोरांचे जीव अवलंबून आहेत, एवढे ध्यानात ठेवा म्हणजे झाले.

आधी पंपाचीच गोष्ट पुरी करू. १९६६-६७ सालचा बिहारचा दुष्काळ आणि त्यानंतर १९७२ सालचा आपल्या महाराष्ट्रातला दुष्काळ, या काळात खडक फोडून विंधनविहिरी पाडणारी यंत्रे आपल्याकडे आली. पाणी लागले, त्यावर पंप बसले. पण ते पंप बिडाचे, एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले. त्यांच्यावर पहाटेपासून रात्रीपर्यंत अख्खे गाव तुटून पडायचे. ते टिकणार किती? जालना आणि सोलापूर येथे मिशनच्या मंडळींनी या कामी पुष्कळ खटपट करून मजबूत पंप घडवले. त्याच विचारातून पुढे, १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस, 'इंडिया मार्क टू' हा पंप तयार झाला. जगातल्या कितीतरी देशांत तो गेला. त्याच्या मुळाशी जालना-सोलापूरची खटपट आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.

यंत्र सुधारले. तरीसुद्धा पंप बंद पडतच राहिले. साखळीला वंगण कोणी द्यायचे? बोल्ट ढिला झाला तर पाना कोणाकडे? आतले चामड्याचे वायसर झिजले तर ते बदलायला विहिरीतले सगळे पाइप वर ओढावे लागत. म्हणजे गाडी हवी, चारपाच माणसे हवीत. पुढे 'मार्क थ्री'मध्ये ही अडचण दूर केली, पाइप न काढता आतला दट्ट्या वर घेता येऊ लागला. राजस्थानात तिलोनिया येथे खेड्यातल्या बायकांनी पाने हाती घेऊन पंपदुरुस्ती शिकून घेतली, ती १९८० नंतरच्या दशकातली गोष्ट. पंपाचा दांडा दिवसातून चार वेळा ज्यांच्या हातात येतो, त्यांनाच त्याचा आवाज बदललेला पहिल्यांदा कळतो. हे ज्याला सुचले त्याने मोठे शहाणपण केले.

१९८१ ते १९९० हे दशक संयुक्त राष्ट्रांनी पाणी आणि स्वच्छतेचे दशक म्हणून पाळले. देशोदेशी नळ आले, पंप आले, संडास बांधले गेले. आणि देशोदेशी तोच अनुभव आला. बांधून दिलेल्या संडासात गोवऱ्या भरलेल्या, नाहीतर शेळी बांधलेली. मग लोकांना 'समजावून सांगण्या'साठी माणसे नेमली. ही माणसे गावात जात, फळ्यापुढे उभी राहत, जंतूंची मोठमोठी चित्रे दाखवत आणि तासभर बोलत. लोक माना डोलवत. पाहुणा आलाय, त्याला नाही कसे म्हणायचे! पाहुण्याची जीप धुरळा उडवत गेली की सारे पूर्ववत.

तेव्हा काही जाणत्या मंडळींच्या मनात आले की आपले शिकवणेच कुठेतरी चुकते आहे. संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यक्रमातून, विशेषतः बायकांना पाण्याच्या कामात पुढे आणण्यासाठी, लायरा श्रीनिवासन यांनी १९९० साली प्रशिक्षकांसाठी एक पुस्तिका सिद्ध केली. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आणखी काही सोबत्यांसह त्याच धाग्याने बोट्स्वाना, केनिया, युगांडा आणि झिंबाब्वे या आफ्रिकेतल्या चार देशांत ही पद्धत आधी करून पाहिली, आणि मग १९९८ साली तिची पायरीपायरीने मार्ग दाखवणारी पुस्तिका काढली. या पद्धतीत शिकवणारा फार थोडे बोलतो. त्याच्या पिशवीत असतात चित्रे. हाताने काढलेली, गावातल्यासारखीच माणसे असलेली, आणि खाली एक अक्षरही न लिहिलेली.

त्यातला एक खेळ तुम्हांला नीट सांगतो, कारण तो कोणालाही करता येतो आणि त्याला पैसा लागत नाही. वीसएक चित्रे घ्यायची. एकात बाई माठात हात बुडवून तांब्या भरते आहे. एकात ओगराळ्याने पाणी काढते आहे. एकात विहिरीच्या काठावर म्हैस धुतली जाते आहे. एकात आई तान्ह्याचे लंगोट उकिरड्यावर झटकते आहे. एकात माणूस शेतातून येऊन राखेने हात धुतो आहे. एकात उघड्या भाकरीवर माश्या बसल्या आहेत. एकात बाई हंड्याला फडके बांधून पाणी गाळते आहे. अशी चित्रे सहासात बायांच्या घोळक्यात टाकायची आणि म्हणायचे, बाई, यांचे तीन ढीग करा. चांगले एकीकडे, वाईट एकीकडे, आणि ज्याचे काही ठरत नाही ते मधे. आणि मग तुम्ही उठून बाजूला जायचे. चहा घ्या, तंबाखू मळा, काहीही करा, पण मधे बोलू नका.

पहिली पाच मिनिटे कोणी बोलत नाही. मग एखादी म्हातारी म्हणते, "ही म्हैस वाईटात टाका गं." टाकली. मग तान्ह्याचे लंगोट. "ह्यात काय वाईट? लेकराची शी ती. त्यात काय विष असतंय?" दुसरी म्हणते, "तसं नव्हं आत्याबाई, त्या दिवशी नर्सबाई सांगत होती, लहान्याच्या शीतच जास्त." तिसरी म्हणते, "मग आम्ही दहा लेकरं वाढवली ती कशी?" आणि आत्याबाईंना एक गोष्ट आठवते. दहांपैकी दोन गेली होती. जुलाबानेच गेली होती. हे त्या मोठ्याने बोलतील किंवा बोलणार नाहीत. पण चित्र हातातून खाली ठेवताना त्यांचा हात थांबतो. फळ्यावरचा जंतू कितीही मोठा काढला तरी त्याने हे होत नसते.

खरी मौज मधल्या ढिगात आहे. नवशिका प्रशिक्षक मधला ढीग पाहून घाबरतो. त्याला वाटते, चित्रे चांगल्या-वाईटांत वाटली गेली म्हणजे पाठ झाला. पण ज्या चित्राबद्दल बायकांचे एकमत होत नाही, तिथेच गावाचे ज्ञान आणि तुमचे ज्ञान समोरासमोर येतात. फडक्याने पाणी गाळण्याचेच घ्या. शहरातला शिकलेला माणूस झटकन म्हणेल, "फडक्याने जंतू अडत नाहीत, टाका वाईटात." थांबा जरा. नारूचा रोग आठवतो का? पायविहिरीत उतरून पाणी भरणाऱ्या गावांत पायातून हातभर धागा निघायचा, माणूस महिनोन् महिने खाटेला खिळायचा. तो नारू पाण्यातल्या डोळ्याला जेमतेम दिसणाऱ्या पिसवेसारख्या जीवातून पोटात जायचा, आणि साध्या दुहेरी फडक्याने अडायचा. आपल्या देशातला शेवटचा नारूचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. त्यात या फडक्याचा वाटा मोठा. पुढे बांगलादेशात रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुनी सुती साडी चारपदरी करून पाणी गाळायला शिकवले, तर त्या गावांतला पटकीचा रोग जवळजवळ निम्म्याने कमी झाला. त्यांचे हे काम २००३ साली प्रसिद्ध झाले. कारण पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जीवांना चिकटून असतात. मग फडके चांगले म्हणायचे का? तेही नाही. हगवणीचे, काविळीचे जंतू त्यातून खुशाल पार जातात. म्हणजे हे चित्र मधल्या ढिगातच शोभते. आणि ज्या बाईने ते मधे ठेवले, तिच्याकडून ऐकण्यासारखे काहीतरी आहे, हे शिकवणाऱ्याने पक्के धरले पाहिजे.

ढिगांनंतरची पायरी रोगाच्या वाटेची. वॅग्नर आणि लॅनोइक्स या दोघांनी १९५८ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या पुस्तकातून निघालेली ही कल्पना, आजही तशीच वापरतात. माणसाची विष्ठा दुसऱ्या माणसाच्या तोंडापर्यंत पोचते ती बोटांवरून, माश्यांवरून, पाण्यातून, शेतातल्या मातीतून आणि अन्नातून. या वाटांची सुटी चित्रे देऊन लोकांनाच ती एकापुढे एक मांडायला सांगतात. एका टोकाला बसलेला माणूस, दुसऱ्या टोकाला जेवणारे मूल. मधे बाणांच्या काड्या. मग प्रश्न एवढाच, की कुठली काडी कुठे तोडता येईल? इथे हात धुण्याचे चित्र येते, इथे झाकणाचे, इथे संडासाचे. एका वाटेवर काठी आडवी ठेवली तरी बाकीच्या वाटा उघड्या राहतात, हे लोक स्वतःच पाहतात आणि स्वतःच म्हणतात.

आता दुसरा खेळ, चिंचोक्यांचा. एका कापडावर खिसे शिवायचे. वरच्या ओळीत चित्रे: घरचा संडास, शेजाऱ्याचा संडास, शेत, ओढ्याचा काठ, रस्त्याची कड. डाव्या बाजूला बाई, बुवा आणि पोर. कापड भिंतीकडे तोंड करून टांगायचे. एकेकाने पलीकडे जाऊन, काल सकाळी आपण कुठे बसलो त्या खिशात चिंचोका टाकायचा. कोणी पाहत नाही, कोणी विचारत नाही. शेवटी कापड फिरवायचे आणि सगळ्यांसमोर चिंचोके मोजायचे.

गावाच्या वेशीवर 'हागणदारीमुक्त गाव' अशी पाटी असते, आणि शेताच्या खिशात मूठभर चिंचोके निघतात! पण तिथे कुणा एकाची मान खाली जात नाही. एका सुरात हसू फुटते. हसू ओसरले की बोलणे सुरू होते. पुरुषांचे चिंचोके शेतात आणि बायांचे संडासात, असे निघाले तर एक गोष्ट कळते. उलटे निघाले तर दुसरीच: संडास आहे, पण पाणी नाही, आणि ते पाणी डोक्यावरून आणायचे बाईने. मग ती म्हणते, एका माणसामागे अर्धी बादली ओढण्यापेक्षा मीच अंधारात बाहेर जाऊन येते. हे कुठल्याही पाहणीच्या तक्त्यात सापडायचे नाही. हा खेळ सरपंचांच्या ओसरीवर मात्र घेऊ नका.

ओसरीवरून आठवले, म्हणून जागेबद्दल सांगतो. १९९० च्या सुमारास आपल्याकडे कर्नाटकात, गुजरातेत काही संस्थांनी गावाचा नकाशा लोकांकडूनच जमिनीवर काढून घेण्याची पद्धत रुजवली. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने तिचा जगभर पुरस्कार केला. रांगोळी, कोळसा, विटकरीचा चुरा, झाडाची पाने, हाताला लागेल ते घ्यायचे आणि गाव मांडायचे. तुम्ही सुरुवातीला हातात काठी घेता, एक रेघ ओढता आणि काठी दुसऱ्याच्या हातात देता. तिथून पुढे काठी परत मागायची नाही. पुरुष काढतात तेव्हा आधी सडक, देऊळ, ग्रामपंचायत, पाण्याची टाकी. बाया काढतात तेव्हा आधी पंप, धुण्याचा दगड, आणि सांज झाल्यावर जिथून जायला भीती वाटते ती पायवाट. दोन्ही नकाशे शेजारीशेजारी पाहिले तर ते एकाच गावाचे आहेत असे वाटत नाही.

पण नकाशा मांडायचा कुठे? देवळाच्या सभामंडपात मांडला तर गावातली काही घरे आपोआप पायरीशी थांबतात. महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतले, त्याला शंभर वर्षे होत आली. तरी गावच्या नळयोजनेची शेवटची तोटी बहुधा कोणत्या वस्तीत असते, तिथे पाणी किती वाजता पोचते आणि कितीदा पोचतच नाही, हे तुम्ही नकाशावर बोट ठेवून विचारा. गावात सगळ्यांना याचे उत्तर ठाऊक असते. सभेत ते कोणी देत नाही. रांगोळीच्या नकाशावर मात्र कधीकधी एखादी मुलगी वाकून त्या वस्तीपाशी एक रिकामी घागर काढते. तो नकाशा पुसू नका. कागदावर उतरवून घ्या आणि व्हॉल्व्ह कोण फिरवतो, कुठल्या वेळेला फिरवतो, ही चर्चा त्याच दिवशी करा.

आता एका वादग्रस्त गोष्टीकडे वळतो. १९९९-२००० च्या सुमारास बांगलादेशात, राजशाही जिल्ह्यातल्या मोसमोइल गावात, कमल कार या बंगाली तज्ज्ञाने एक वेगळाच प्रयोग केला. त्यांनी अनुदान देऊ केले नाही, संडासाचे चित्र दाखवले नाही. गावकऱ्यांना म्हणाले, तुम्ही जिथे बसता ती जागा मला दाखवा. सगळे गाव मिळून हागणदारीतून हिंडले. नाकाला पदर लावून, पण थांबत थांबत. मग रोजची विष्ठा किती, महिन्याची किती, वर्षाची किती, याचा हिशेब लोकांनीच केला. या पद्धतीत पुढे एक प्रसिद्ध युक्ती आली. पेलाभर स्वच्छ पाणी घ्यायचे. कोण पिईल? सगळे पितात. मग डोक्याचा एक केस उपटायचा, घाणीला लावायचा आणि त्याच पेल्यात बुडवायचा. आता कोण पिईल? कोणी पेला हातात घेत नाही. माशीला पाय किती? सहा. केसापेक्षा जास्त घाण ती उचलते की कमी? इथे बोलणारा गप्प होतो. भाताच्या ताटावर माशी बसलेली सगळ्यांनीच पाहिलेली असते.

ही पद्धत २००० नंतर महाराष्ट्रातही आली. तिच्या आधीच, २०००-०१ पासून, संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आपल्याकडे सुरू झाले होते. गाडगेबाबांचे नाव त्याला दिले ते योग्यच. बाबा गावात आले की आधी खराटा हाती घ्यायचे, आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. त्या कीर्तनात ते सांगत कमी आणि विचारत जास्त. वऱ्हाडी बोलीत साधे प्रश्न, एकामागून एक. समोरचा समाज हो-नाही म्हणत म्हणत अशा ठिकाणी येऊन पोचायचा की शेवटचे उत्तर त्याच्याच तोंडून निघावे. चित्रांच्या पिशव्या निघण्याआधी कितीतरी वर्षे हे चालले होते. बाबा १९५६ साली गेले. आपल्याकडच्या प्रशिक्षकांनी परदेशी पुस्तिका जरूर वाचाव्यात, पण बाबांच्या कीर्तनाची रीतही समजून घ्यावी, असे मला वाटते.

पण हागणदारीच्या फेरीबद्दल एक शंका मला आहे, ती बोलून दाखवतो. लाज ही मोठी जालीम गोष्ट आहे. गाव स्वतःच स्वतःकडे पाहून लाजले तर काम होते. बाहेरून येऊन कोणी एखाद्याला लाज आणली तर सूड निघतो. महाराष्ट्रात पुढे 'गुड मॉर्निंग पथके' निघाली. पहाटे शिट्ट्या वाजवायच्या, बसलेल्याच्या हातात गुलाबाचे फूल द्यायचे, कधी दंड करायचा. आता विचार करा, पहाटे बाहेर कोण सापडणार? ज्याच्या झोपडीला मागे वीतभर जागा नाही तो. जो शेतमजूर दुसऱ्याच्या बांधावर राहतो तो. म्हातारा, ज्याला संडासापर्यंत अंधारात चालवत नाही तो. पाटलाचा मुलगा मोटारसायकलवर आपल्या मळ्यात जातो, तो सापडत नाही. म्हणून मी तरी म्हणेन, फेरी काढायची तर आधी नकाशा काढा, कुणाच्या घरी जागा नाही ते पाहा, आणि त्या घरांचा प्रश्न सोडवायचे ठरल्यावरच पेल्यात केस बुडवा.

संडास बांधला तरी भीती उरतेच, आणि ती खड्ड्याची. आपल्याकडे दोन खड्ड्यांचा संडास सांगतात. एक खड्डा भरला की नाली दुसऱ्याकडे वळवायची. पहिला बंद ठेवायचा. वर्ष-दीड वर्षात आतल्या घाणीचे मातीसारखे खत होते. पण माणसे काय करतात? घराएवढी मोठी टाकी बांधतात. का? तर खड्डा उपसणे हे कोणाचे काम, हा प्रश्न मनात असतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर आपल्या समाजाने एका जातीच्या माथी मारून ठेवलेले आहे. इथे व्याख्यान चालत नाही. इथे हात घालूनच दाखवावे लागते. २०१७ च्या फेब्रुवारीत तेलंगणातल्या गंगादेवीपल्ली गावी केंद्र सरकारचे त्या वेळचे स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर आणि राज्याराज्यांतले अधिकारी खड्ड्यात उतरले आणि ते वाळलेले खत त्यांनी हाताने उपसले. कोरडी, काळी, वास नसलेली माती. तेवढ्या एका कृतीने शंभर भिंतीपत्रकांचे काम केले. कोकणात अप्पा पटवर्धनांनी तर हे त्याच्या कितीतरी आधी केले. कणकवलीच्या गोपुरीत त्यांनी खताच्या संडासाचे प्रयोग केले, आणि ब्राह्मण असून भंगीकाम आपल्याला करू द्यावे म्हणून रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ साली उपोषण केले. देहूचे डॉ. मापुसकर यांनीही याच एका कामात उभी हयात घालवली. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. जिथे खत निघाले आहे अशा घरी आपल्या गावातल्या दहा माणसांना घेऊन जा आणि ते खत त्यांच्या हातावर ठेवा. गुलाबाच्या वाफ्यात घातलेले दाखवा. मग बोला.

पाण्याच्या बाबतीत याच शिकवणीचा पुढचा वर्ग म्हणजे पाण्याचा ताळेबंद. नगर जिल्ह्यातले हिवरे बाजार तुम्हांला ऐकून माहीत असेल. पोपटराव पवारांच्या काळात तिथे पाऊस गावातच मोजला जातो, विहिरींची पातळी पाहिली जाते, आणि यंदा कुठले पीक घ्यायचे हे ग्रामसभा त्यावरून ठरवते. आंध्रातल्या सात दुष्काळी जिल्ह्यांत याच्याही पुढे जाऊन शेतकऱ्यांच्या पाणीशाळा चालल्या. पंधरा दिवसांनी स्वतःच्या विहिरीत टेप सोडायचा, आकडा भिंतीवर लिहायचा. कोणी भूजलशास्त्रज्ञ येऊन "ऊस लावू नका" म्हणाला तर शेतकरी मनातल्या मनात हसतो. पण स्वतःच्या हाताने टेप सोडला आणि पाणी गेल्या साली होते त्याच्या आठ हात खाली गेले, तर तो घरी जाऊन रात्रभर विचार करतो. तरी भिंतीवर आकडे लिहिणारा आणि बोअरवर बोअर मारणारा एकाच गावात असतो. आकडा समजणे आणि शेजाऱ्याला थांबवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी शिकवायला मला तरी अजून चित्र सापडलेले नाही.

या पद्धतींचे मातेरे कसे होते, तेही सांगितले पाहिजे. तीन दिवसांचे प्रशिक्षण दीड दिवसात उरकतात. चित्रे छापून येतात, तीही परमुलखातली. साडीऐवजी सलवार, माठाऐवजी बादली. त्यामुळे पहिल्यांदाच बाया म्हणतात, "हे आमचं नव्हं." हजेरीपत्रकावर अंगठे उठतात, मांडवात भजी येतात, छायाचित्र निघते आणि कागदोपत्री 'लोकसहभाग' झाला. ठेकेदाराने नळ कुठून न्यायचा ते आधीच ठरवलेले असते. मग नकाशा कशाला काढायचा? लोकांना हे लगेच ओळखू येते. ज्या गावात एकदा अशी फसवणूक झाली तिथे पुढच्या खेपेला चित्रे घेऊन गेलात, तर बायका हातात धरतील आणि पुन्हा तुमच्याच हातात देतील. शाळेतला चित्रकलेचा एखादा चांगला विद्यार्थी धरा आणि तुमच्या गावची चित्रे तुम्ही काढून घ्या. एक रविवार जाईल, एवढेच.

शेवटी एक ताजी गोष्ट. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मोहिमेत दर गावी पाच बायकांना पाणी तपासायला शिकवण्याची योजना आहे. एक छोटी पेटी असते. क्लोरीन किती, फ्लोराइड किती, हे रंगावरून कळते. जंतूंसाठी एक बाटली असते, तीत पाणी भरून ऊबदार जागी ठेवायचे. घाण असेल तर दिवसा-दोन दिवसांत पाणी काळे पडते. शिकवायला फारसे कठीण नाही. सातवी-आठवी शिकलेली सून अर्ध्या दिवसात शिकते. बाटली ती स्वयंपाकघराच्या फळीवर, चुलीच्या उबेला ठेवते. सकाळी उठून पाहते तर पाणी काळे. ही टाकी गावाची, तिची चावी ज्याच्याकडे तो सासऱ्याच्या नात्यातला, आणि टीसीएलची पावडर गेल्या महिन्यातच संपली आहे हे तिला माहीत आहे. ती बाटली पदराआड घेऊन ग्रामपंचायतीत जाते. तिथे खुर्चीवर जो कोणी बसला असेल, तो त्या बाटलीकडे पाहून काय म्हणतो, यासाठी त्यालाही आधी एकदा तीन ढिगांपुढे बसवून ठेवलेले बरे.